वारा पश्चिमेचा, विमान नाही

प्रिय मुलांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, नकाशात तुझ्या गावाशेजारी चक्क विमानाचं चिन्ह दिसतंय. मग आम्ही मुंबईला उतरून सहा-सात तास गाडीत का बसायचं?" मी ते हसण्यावारी नेलं आणि भाजणीचा विषय काढला. फोन ठेवल्यावर मला माझीच लाज वाटली. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं आणि एकाही मुलाला प्रश्न टाळू दिला नाही. शिवाय माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. घरातली प्रत्येक वस्तू आपल्या जागी असली म्हणजे मला बरं वाटतं. ही एक गोष्ट मात्र पुष्कळ वर्षं चुकीच्या जागी पडून आहे. ती जागेवर ठेवायला हवी, आणि माझं वय पाहता लवकर ठेवलेली बरी. पत्र लांबेल. मराठी वाचताना अडलं तर बाबाला विचारा. त्यानंही हे वाचलेलं मला चालेल.

आपल्या सबंध गणगोतात ज्यांच्याइतका वक्तशीर माणूस झाला नाही, आणि ज्यांच्या आयुष्यात एकही गोष्ट वेळेवर आली नाही, असे गृहस्थ एकच: तुमच्या आजोबांचे मावसभाऊ, माझे भावजी. तुम्ही नकाशात पाहिलंत तो विमानतळ म्हणजे भावजी. तिथे त्यांच्याशिवाय फारसं काही नव्हतंच. हवाई दलात पंधरा वर्षं नोकरी करून ते गावी परतले आणि माळावरच्या विमानतळाचे राखणदार झाले. हवाई दलात होते म्हटल्यावर गावाला वाटे, यांनी ढग पायाखाली तुडवले असतील. प्रत्यक्षात ते पंधरा वर्षं जमिनीवरच होते. धावपट्टीवरचे खडे वेचणं, पक्षी उडवणं, विमानापर्यंत तेलाची गाडी नेणं हे त्यांचं काम. विमानात ते कधीच बसले नाहीत. पुढे आमच्या माळावर चार वर्षं वैमानिक घडवणारी एक शाळा आली होती, तेव्हा तिथल्या शिक्षकानं आपण होऊन सांगितलं, "चला काका, एक चक्कर मारून आणतो." भावजींनी टोपी काढून हातात घेतली, क्षणभर विमानाकडे पाहिलं आणि म्हणाले, "नगं सायेब. मी वर गेलो तर खाली कोन?" शाळा पुढे बंद पडली आणि ते विचारणारंही कुणी उरलं नाही.

विमानतळाचा इतिहास थोडक्यात सांगते, कारण तो आहेच थोडका. उंब्रजला महामार्ग सोडून आत आलं की नदीकाठचा ऊस संपतो आणि मुरमाचा माळ सुरू होतो. फार पूर्वी कुणा बड्या पाहुण्यांना रस्त्याची धूळ लागू नये म्हणून त्या माळावर धावपट्टी झाली. तेव्हा गावाची चराऊ जमीन गेली. पाहुणे दोनदा आले, दोनदा हार घालून घेतले आणि उडून गेले. त्यानंतर प्रत्येक निवडणुकीत या धावपट्टीवरून रोज विमान सुटणार असल्याचं जाहीर होई. कोनशिला दोन आहेत. दोन्हींवर वेगवेगळी नावं आहेत, आणि भावजी दोन्ही रोज ओल्या फडक्यानं पुसत. "कशाला पुसता?" असं मी एकदा चिडून विचारलं, तर म्हणाले, "नावं वाचाया यावीत, वैनी. उद्या कुनी इचारलं ह्ये कुनी केलं, तर दावाया नगं?"

आता सोयी. दोन खोल्यांची एक इमारत. पुढच्या खोलीत प्रवाशांसाठी बाक, मागच्या खोलीत बड्या पाहुण्यांसाठी सोफा. सोफ्यावरचा प्लास्टिकचा कागद भावजींनी कधी काढला नाही आणि त्यावर कधी कुणाला बसू दिलं नाही, स्वतः तर नाहीच. आग विझवण्यासाठी वाळू भरलेल्या लाल बादल्या, वाऱ्याची दिशा दाखवणारी खांबावरची कापडी पिशवी, आणि एक स्त्रियांचं स्वच्छतागृह, ज्याची किल्ली भावजींच्या कमरेला असे. पिशवी दर पावसाळ्यात फाटे. नवीन मागवली की दोन वर्षांनी नकार येई. तोवर भावजींनी जुन्या छत्र्यांचं कापड दुहेरी शिवून नवी केलेली असे. एकदा उंब्रजच्या बाजारातून परतताना मला त्या स्वच्छतागृहाची फार गरज पडली. मी घाईघाईनं किल्ली मागितली, तर भावजी गंभीरपणे म्हणाले, "पास?"

"कसला पास?"

"इमानाचा. परवाशांसाठी हाय ती सोय."

"भावजी, मी तुमच्या बायकोला सांगेन हां."

त्यांनी विचार केला. मग कपाटातून बड्या पाहुण्यांची वही काढली, माझं नाव, गाव, येण्याचा हेतू, सगळं व्यवस्थित लिहून घेतलं, सही घेतली आणि मग किल्ली दिली. येण्याचा हेतू म्हणून त्यांनी 'पाहणी' असं लिहिलं होतं. त्या वहीत नाव असलेली बाई आजतागायत मी एकटीच आहे.

सकाळी सहाच्या ठोक्याला भावजी वहाणा काढून अनवाणी धावपट्टीवर चढत आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जात. डोळ्याला खडा दिसत नाही, पायाला कळतो, असं त्यांचं म्हणणं. थंडीत त्यांच्या टाचांना भेगा पडत, उन्हाळ्यात डांबर चिकटे, पण हा नेम चुकला नाही. परत येऊन रोजच्या वहीत नोंद: "वारा पश्चिमेचा, मध्यम. पट्टी साफ. विमान नाही." अशा वह्यांची चळत मी पाहिली आहे. वाऱ्याची दिशा बदलते, पावसाळ्यात "पट्टी ओली" असं येतं, वैमानिकांच्या शाळेची चार वर्षं वगळता शेवटचे दोन शब्द मात्र पानोपानी तेच. एखाद्याला हे वेड वाटेल. मलाही वाटे. पण शाळेची हजेरी मी अशीच मांडत आले होते, त्यामुळे मी हसत असे ते जपून.

पावसाळा सरला की पूर्वेच्या दुष्काळी मुलखातून धनगर मेंढरं घेऊन आमच्याकडे येत. उसाच्या आणि ज्वारीच्या रानात रात्रभर मेंढरं बसवायची, रानाला खत मिळतं, ही इकडची जुनी रीत. त्यांची वाट धावपट्टीवरून जाई. भावजी कळपाला हात करून थांबवत, आधी पश्चिमेचं आभाळ बघत, मग पूर्वेचं, मग कान देऊन ऐकत, आणि मगच हिरवं फडकं हलवत. एक म्हातारा धनगर दर वर्षी वैतागे. "आवं पावनं, वर काय हाय बघाया? एक घार तेवढी हाय."

"घारीला बी वाट द्यावी लागती."

"मग घार गेली का सांगा. तवर आमी बिडी वढतो."

"रनवेवर बिडी न्हाई. तेल असतंय."

"कुठं हाय तेल?"

"हाय न्हाई, पर असतंय," भावजी म्हणत, आणि म्हातारा कपाळावर हात मारून घेई.

हळदीची हकिगत तर सबंध तालुक्याला माहीत आहे. हळद शिजवल्यावर ती कडक जमिनीवर पंधरवडाभर वाळवावी लागते, तेव्हा कुठे ती सांगलीच्या बाजारात न्यायच्या लायकीची होते. गावात तेवढी कडक जमीन एकच. भावजींनी बायकांना परवानगी दिली, पण शिस्तीत. प्रत्येक घराला खडूनं चौकोन आखून दिला, मधली पांढरी रेघ मोकळी ठेवायची, आणि आकाशात आवाज आला तर घंटा वाजेल आणि पाच मिनिटांत पट्टी रिकामी करायची. घंटेची त्यांनी तालीमही घेतली. एके दुपारी भावजी जेवायला घरी गेले असताना कुणा पाहुण्यांचं हेलिकॉप्टर विमानतळाला न कळवता थेट हळदीवर उतरलं. हळकुंडं गोफणीतल्या खड्यांसारखी उडाली. पाहुणे पांढऱ्या कपड्यांत उतरले आणि चार पावलांत आपादमस्तक पिवळे झाले. भांबावलेले स्वागताचे लोक हार घेऊन धावले, तेही पिवळे झाले. थोरल्या जाऊबाई, म्हणजे भावजींच्या थोरल्या भावाची बायको, तोंडाला पदर लावून मोठ्यानं म्हणाल्या, "आगं बया, हळद लागली की ह्यास्नी! नवरी कुठं हाय?" भावजींना खुलासा मागणारं पत्र आलं. त्यांनी मला उत्तर सांगितलं ते मी जसंच्या तसं इंग्रजीत केलं: हळदीनं परवानगी घेतली होती, पाहुण्यांनी घेतली नव्हती. पुढे त्या खात्यातून कुणी काही विचारलं नाही.

इथपर्यंत हसून झालं असेल तर आता पुढचं ऐका, कारण मला सांगायचं आहे ते पुढचं आहे.

खात्याशी इंग्रजीत बोललं की कागद लवकर हलतो, अशी भावजींची श्रद्धा होती. त्यामुळे दर गुरुवारी, बाजारच्या दिवशी, ते फाईल घेऊन आमच्याकडे येत. ते मराठीत सांगत, मी इंग्रजीत लिही, ते खाली सही करत. मला हे काम आवडे. शाळा सुटल्यावर माझं इंग्रजी वापरायला गावात दुसरं कोण होतं? मी त्यांची वाक्यं घासूनपुसून, इस्त्री करून ठेवी. एका गुरुवारी ते म्हणाले, "वैनी, इमान का येत न्हाई, कळलं मला. पट्टी तोकडी हाय. मोठं इमान उतरंल कसं? पूर्वंला जागा हाय, तिकडं वाढवा म्हनून लिवा."

"पूर्वेला लोकांची रानं आहेत, भावजी. तुमच्या थोरल्यांचं रान आहे."

"द्येतील की लोकं. इमान यायचं म्हनल्यावर न्हाई कोन म्हनतंय?"

मी लिहिलं. त्यांनी "देतील" एवढंच सांगितलं होतं. मला ते वाक्य बोडकं वाटलं. मी त्यात आपल्याकडून घातलं की ग्रामस्थ आपली जमीन आनंदानं देतील. भावजींनी न वाचता सही केली. वाचून त्यांना कळलंही नसतं.

त्या पत्राला उत्तर आलं नाही, म्हणून आम्ही ते विसरलो. खातं विसरलं नाही. काही वर्षांनी पूर्वेच्या रानांना नोटिसा आल्या आणि समाजमंदिरात सुनावणी बसली. थोरल्यांचं चार एकर बागायत आणि विहीर त्यात जात होती. ती विहीर त्यांच्या वडिलांनी, आबांनी, दोन्ही मुलांना बरोबर घेऊन हातांनी खणलेली. भावजींचा अर्धा एकर त्याच विहिरीवर भिजे. पाण्याच्या पाळीवरून दोघे भाऊ आठवड्याला एकदा भांडत आणि भांडण झालं की एका ताटात जेवत. सुनावणीला सगळं गाव जमलं होतं. एकेक जण उठून सांगत होता की जमीन द्यायची नाही. मग अधिकाऱ्यानं चष्मा लावला, फाईलमधून एक कागद काढला आणि म्हणाला, "पण तुमच्याच गावच्या माणसानं लेखी कळवलंय, की ग्रामस्थ आनंदानं जमीन देतील." आणि त्यानं भावजींचं नाव वाचलं.

थोरले सावकाश उठले. भावाकडे वळून त्यांनी एवढंच विचारलं, "कुनाच्या आनंदानं रं?"

भावजी गणवेशात उभे होते. ते म्हणू शकले असते, की मी असं सांगितलं नव्हतं. ते म्हणू शकले असते, की इंग्रजी माझं नाही, वैनींचं आहे. मी बायकांमध्ये तिसऱ्या ओळीत बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "सही माझी हाय, दादा." आणि खाली बसले. मी त्या वेळी उठायला हवं होतं. मी वर्षानुवर्षं मुलांना सांगत आले, ज्यानं केलं त्यानं उठून उभं राहायचं. मी पदर सारखा केला आणि बसून राहिले.

जमीन गेली. ती त्या कागदानंच गेली असं नाही. आता मला समजतं, की ती जायचीच होती, त्यांना फक्त आमच्या तोंडचं एक वाक्य हवं होतं. ते मी दिलं, आणि फार चांगल्या इंग्रजीत दिलं. यंत्रं आली तेव्हा ऊस पोटरीइतका होता. त्यांनी तोडणीची वाट पाहिली नाही. विहीर बुजवायला लागले तेव्हा भावजी कामावरच्या इंजिनिअरकडे गेले. "सायेब, ह्या हिरीचा झरा जिता हाय. उत्तरंकडनं येतोय. आदी नळ टाकून पानी भाईर काढा, मग भरा. न्हाईतर पट्टी बसंल."

इंजिनिअर तरुण आणि घाईत होता. म्हणाला, "काका, तुम्ही तुमचा झेंडा सांभाळा."

तीन दिवसांत विहीर भरली आणि वरून डांबर पडलं. थोरल्यांनी भावाशी बोलणं टाकलं. गावानंही टाकलं. भावजी पारावर आले की चार माणसं उठून जात. हळदीचे चौकोन गेले, कारण आता कुंपण आलं होतं. धनगरांनी वाट बदलली. भावजींच्या धाकट्या मुलीचं लग्न माधवनगरला झालं, त्याला थोरले आले नाहीत. चुलत्यानं डोक्यावर अक्षता टाकायच्या, तर चुलत्याच्या जागी तुमचे आजोबा उभे राहिले. मी पुढे होऊन वाढत होते, हसत होते, सगळ्यांना आग्रह करत होते. माझ्याशी कुणी वाईट वागलं नाही. गावात माझा मान तसाच होता. भावजींनी मात्र गुरुवारचं येणं बंद केलं. मी निरोप पाठवला तर उत्तर आलं, "आता काय लिवायचं ऱ्हायलं न्हाई."

आणि मग, मुलांनो, खरोखरच विमान येणार असं ठरलं. दिवाळीनंतरचा दिवस नक्की झाला. मांडव पडला, बँड ठरला, माधवनगरहून मुलगी-जावई येऊन राहिले. कुणी फाट्यावर हॉटेलचा पाया काढला. भावजींना नवा गणवेश मिळाला. ते सोफ्याजवळ गेले, खिशातून कात्री काढली आणि त्यावरचा प्लास्टिकचा कागद कापून काढला. ही गोष्ट त्यांच्या बायकोनं मला डोळे पुसत सांगितली.

त्याच आठवड्यात सकाळी अनवाणी चालताना पूर्वेच्या टोकाला त्यांच्या पायाला गार लागलं. वाकून हात लावला तर डांबर ओलं. दुसऱ्या दिवशी ओल ताटाएवढी झाली, चौथ्या दिवशी बाजेएवढी, आणि पाय दाबला की खाली लिबलिब लागे. जागा कोणती ते वेगळं सांगायला नको. भावजींनी वरच्या साहेबांना कळवलं. साहेब म्हणाले, "उद्घाटन होऊन जाऊ दे, मग बघू. वहीत 'पट्टी साफ' एवढं लिही."

त्या दिवशी मंगळवार होता. दुपारी मी लिंबाचं लोणचं कालवत होते, आणि दारात भावजी. किती वर्षांनी आले होते! नव्या गणवेशात, पाय धुळीनं भरलेले.

"वैनी, एक कागद लिवायचाय. इमानाआदी तपासनीला येनारे लोक दिल्लीचे हायत. त्यास्नी मराठी येत न्हाई."

त्यांनी सांगितलं, मी ऐकलं. मग मी हात धुतले, कागद घेतला, पण लेखणी चालेना. "भावजी," मी म्हटलं, "हे पाठवलंत तर विमान येणार नाही."

"व्हय."

"आणि तुमची नोकरी?"

"जाईल की."

"सबंध जन्म वाट पाहिलीत हो तुम्ही."

"आवं वैनी, मानसं बसलेली असत्यात त्यात," असं भावजी म्हणाले. मी हे विसरले होते याचंच त्यांना नवल वाटल्यासारखं दिसलं.

मी लिहिलं. या खेपेला त्यांनी न वाचता सही केली नाही. प्रत्येक शब्दावर बोट ठेवून विचारलं, याचा अर्थ काय, याचा अर्थ काय. मी सांगत गेले. शेवटच्या ओळीपाशी त्यांनी मान वर केली. "ह्यात आनंदानं कुठं न्हाई ना?"

"नाही, भावजी."

"मग द्या इकडं."

इतक्या वर्षांत त्या विषयावर ते मला बोललेलं एवढंच. त्यांनी ते रागानं म्हटलं की नुसतं खात्रीसाठी विचारलं, हे मला आजही सांगता येत नाही.

तपासणीची माणसं आली, ओलीवर लोखंडी पहार उभी केली, ती वीतभर सहज खाली गेली. विमान रद्द झालं. मांडव उतरला. बँडवाले वाजवायचं ठरलं आहे म्हणून पारावर येऊन दोन गाणी वाजवून गेले. ज्या गावानं जमिनी गेल्या म्हणून भावजींना वाळीत टाकलं होतं, त्याच गावानं आता विमान गेलं म्हणून त्यांना शिव्या घातल्या. फाट्यावर हॉटेल काढणारा म्हणाला, "आदी रानं घालवली, आता इमान बी घालवलं. ह्या मानसाला गावानं काय करावं?" महिन्याभरात नोकरी गेली. गणवेश परत मागितला. भावजींनी तो धुऊन, इस्त्री करून, पावती घेऊन परत केला.

त्यानंतर एका दुपारी थोरले भावाच्या दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत. बाहेरूनच म्हणाले, "वलं कुठं झालंय ते दाव." दोघे कुंपणापर्यंत चालत गेले. भावजींची बायको अंतर ठेवून मागून गेली, म्हणून पुढचं मला कळलं. थोरले बराच वेळ कुंपणाच्या तारेला धरून आत पाहत होते.

"उत्तरंकडनं फुटलंय."

"व्हय. मी सांगितलं हुतं त्यास्नी."

"तू सांगनारच. तुला सांगायची लय हौस." मग थोरले म्हणाले, "आबानं काय हीर खनली हुती गड्या!"

आता माझं राहिलं. तुमचा रविवारचा फोन झाल्यावर मी सोमवारी सकाळी केस विंचरले, बाहेरची साडी नेसले आणि थोरल्यांच्या घरी गेले. ते पडवीत बसून सुतळीला गाठी मारत होते. मी उभ्यानंच सांगितलं. सांगायचं ते घरून पाठ करून गेले होते, तरी मध्ये दोनदा अडखळले. त्या पत्रातला तो शब्द भावजींचा नव्हता, माझा होता. सुनावणीत मी उठायला हवं होतं, उठले नाही.

थोरल्यांनी गाठ पुरी केली. "ठावं हाय की, वैनी."

"कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? त्याला इंग्रजी कुठं येतंय? गावात तुमच्याबिगर कुनाला येतंय?"

मी तिथल्या खाटेवर बसले. सगळ्या गावाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला रोज नमस्कार करणाऱ्या, लग्नकार्यांत माझ्या हातचं वाढून घेणाऱ्या, आपली मुलं शिकायला माझ्याकडे पाठवणाऱ्या प्रत्येकाला. "मग मला कधी कुणी काही बोललं का नाही?"

"तुमास्नी काय बोलायचं?" थोरले म्हणाले. "तुमी शिकल्या-सवरलेल्या, त्यात बाईमानूस. बोलायला माझा भाऊ हुता की."

ते सहज बोलून गेले आणि पुढची सुतळी घेतली. जाऊबाई चहा घेऊन आल्या. मी तो प्यायले. घरी येऊन तुम्हाला हे लिहायला बसले.

आजची स्थिती अशी आहे. धावपट्टी आहे, तिच्यावरून कुणी जात नाही. इमारतीला कुलूप आहे. जमीन कुणाला परत मिळालेली नाही आणि मिळणार नाही. पूर्वेच्या टोकाला भर उन्हाळ्यातही ओल असते, आणि डांबराच्या फटीतून तिथे आता लव्हाळा उगवला आहे. भावजी थकले आहेत, गुडघे धरतात, तरी रोज संध्याकाळी काठी घेऊन थोरल्यांच्या पडवीत जातात. दोघे भाऊ शेजारी बसतात, एकमेकांची अक्कल काढतात, आणि दिवेलागणीला जाऊबाई दोघांना मिळून एकच ताट वाढतात.

तुमची,
आजी